आघाडीतील भाऊबंदकी आणि वाराणसीचा धडा

४ जून २०२४ रोजी वाराणसी लोकसभा मतदारसंघाची मतमोजणी सुरू झाली, तेव्हा पहिल्या फेऱ्यांत देशाचे पंतप्रधान काही काळ पिछाडीवर होते. अखेरीस ते निवडून आले. पण २०१९ मध्ये ४,७९,५०५ असलेले त्यांचे मताधिक्य १,५२,५१३ वर घसरले. भांडवली वृत्तपत्रांनी या घसरणीची नाना कारणे शोधली. उन्हाळा, मतदारांची बेफिकिरी, स्थानिक नाराजी अशी ती यादी होती. सर्वांत साध्या कारणाकडे मात्र त्यांनी फारसे लक्ष दिले नाही. दहा वर्षांत प्रथमच या मतदारसंघात विरोधी पक्षांपैकी बहुतेक जण एका उमेदवारामागे उभे राहिले होते. या एकजुटीच्या सात-आठ महिने आधी हेच पक्ष एकमेकांची जी लक्तरे चव्हाट्यावर मांडत होते, ती पाहता असा निकाल लागला याचेच आश्चर्य वाटावे.

मित्रपक्षांनी मित्रपक्षांवर चालवलेला हा मारा आज डाव्या आणि लोकशाहीवादी चळवळीला जडलेला गंभीर रोग आहे. विरोधकावर टीका करताना जी धार दिसत नाही ती शेजाऱ्यावर टीका करताना चढते. जमातवादी शक्तींविरुद्धच्या सभेला शंभर माणसे जमवणे ज्यांना कठीण जाते, त्यांना मित्रपक्षाच्या एखाद्या नेत्याची उणीदुणी काढायला रात्र अपुरी पडते. या वृत्तीला काही मंडळी तत्त्वनिष्ठा म्हणतात. ती तत्त्वनिष्ठा आहे काय, याचा निवाडा वाराणसीच्या आकड्यांवरून आणि इतिहासावरून करता येतो.

आकडे काय सांगतात

२०१४ मध्ये वाराणसीत नरेंद्र मोदी यांना ५,८१,०२२ मते मिळाली. त्यांच्या विरोधात आम आदमी पक्षाचे अरविंद केजरीवाल यांना २,०९,२३८, काँग्रेसचे अजय राय यांना ७५,६१४, बहुजन समाज पक्षाला ६०,५७९ आणि समाजवादी पक्षाला ४५,२९१ मते पडली. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचाही उमेदवार रिंगणात होता. प्रत्येकाची प्रचारसभा वेगळी, प्रत्येकाचा जाहीरनामा वेगळा आणि प्रत्येकाच्या भाषणातला निम्मा वेळ दुसऱ्या विरोधकाला ‘मते फोडणारा’ ठरवण्यात खर्च होत होता.

२०१९ मध्ये समाजवादी पक्ष आणि बहुजन समाज पक्ष एकत्र आले, काँग्रेस वेगळी राहिली. समाजवादी पक्षाच्या शालिनी यादव यांना १,९५,१५९ आणि अजय राय यांना १,५२,५४८ मते मिळाली. या दोघांची बेरीज ३,४७,७०७ होते. मोदी यांना ६,७४,६६४ मते होती.

२०२४ मध्ये अजय राय हे इंडिया आघाडीचे उमेदवार होते. त्यांना ४,६०,४५७ मते मिळाली. म्हणजे २०१९ च्या दोन उमेदवारांच्या बेरजेपेक्षा १,१२,७५० मते अधिक. यावेळी बहुजन समाज पक्ष आघाडीबाहेर होता आणि त्याच्या उमेदवाराने ३३,७६६ मते घेतली, हे ध्यानात घेतले तर ही वाढ आणखी बोलकी ठरते. मोदी यांची मते त्याच काळात ६१,६९४ ने घटली.

या वाढीमागे महागाई, बेकारी आणि भरती परीक्षांतील गोंधळ यांवरचा असंतोष होता, हे उघड आहे. परंतु असंतोष २०१९ मध्येही होता. त्याला जाण्यासाठी एकच दार नव्हते. जो विणकर, जो नावाडी, जो कंत्राटी कामगार विरोधकांच्या आपसांतील शिव्याशाप ऐकून ‘हे काय राज्य चालवणार’ म्हणत घरी बसतो, तो एकजूट दिसताच बाहेर पडतो. आघाडीची ताकद केवळ मतांच्या बेरजेत नसते. ती कष्टकरी माणसाला वाटणाऱ्या विश्वासात असते. भाऊबंदकीने पहिला घाव याच विश्वासावर पडतो.

‘चिरगुटा’चे राजकारण

ऑक्टोबर २०२३ मधील प्रसंग आठवावा. मध्य प्रदेश विधानसभेच्या जागावाटपावरून काँग्रेस आणि समाजवादी पक्ष यांचे बिनसले. उत्तर प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष अजय राय यांनी समाजवादी पक्षाला मध्य प्रदेशात स्थान नाही असे सुनावले. अखिलेश यादव यांनी काँग्रेसने आपल्या ‘चिरकुट’ नेत्यांना बोलायला लावू नये असे उत्तर दिले. हिंदीतला हा शब्द म्हणजे मराठीतले चिरगूटच. त्यावर राय यांनी यादव घराण्यातील बापलेकांच्या जुन्या वादाला हात घातला. जागावाटपाचा राजकीय प्रश्न दोन दिवसांत घराण्याच्या आणि लायकीच्या प्रश्नावर आला. पुढच्या महिन्यात दोन्ही पक्ष मध्य प्रदेशात एकमेकांविरुद्ध लढले आणि भारतीय जनता पक्ष तेथे १६३ जागा घेऊन सत्तेवर परतला.

२१ फेब्रुवारी २०२४ रोजी याच दोन पक्षांनी उत्तर प्रदेशात समझोता जाहीर केला. समाजवादी पक्षाकडे ६३ आणि काँग्रेसकडे १७ जागा गेल्या. समाजवादी पक्षाने त्याच आठवड्यात वाराणसीसाठी जाहीर केलेला आपला उमेदवार मागे घेतला आणि ज्यांना चिरगूट म्हटले त्यांच्यासाठीच मते मागण्याची पाळी त्याच्या कार्यकर्त्यांवर आली. नेत्यांना शब्द गिळणे सोपे जाते. गावातल्या कार्यकर्त्याने मात्र तो शब्द चार महिने चहाच्या टपरीवर उच्चारलेला असतो, त्यावरून शेजाऱ्याशी वैर घेतलेले असते. पूर्वी चौकसभेतला शब्द चौकातच विरून जाई; आज तो तासाभरात राज्यभर पोहोचतो आणि पुसला जात नाही. नेत्यांच्या जिभेचा भुर्दंड कार्यकर्त्याला भरावा लागतो.

या भाऊबंदकीतून शत्रूच्या छावणीत जाणाऱ्यांची वाटही रुंद होते. २०१९ मध्ये समाजवादी पक्षाच्या उमेदवार असलेल्या शालिनी यादव २०२३ मध्ये भारतीय जनता पक्षात गेल्या. २००४ मध्ये वाराणसीतून काँग्रेसचे खासदार झालेले राजेश मिश्र मार्च २०२४ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, त्याच वाटेने गेले. जेथे मित्राला झोडपणे हीच राजकीय शिक्षणाची पद्धत बनते, तेथे शत्रूविषयीची चीड बोथट होते. ज्याला आघाडीतील सहकारी हाच मुख्य शत्रू वाटू लागला, त्याला छावणी बदलण्यासाठी एक पाऊल टाकणे पुरते.

काशीने आधी पाहिलेले

हे वाराणसीत प्रथम घडत नाही. १९६७ मध्ये याच मतदारसंघाने मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सत्यनारायण सिंह यांना लोकसभेत पाठवले होते. जिल्ह्यातील कोलअसला विधानसभा मतदारसंघातून भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे उदल नऊ वेळा निवडून आले. ज्या जिल्ह्याचे नाव आज केवळ मंदिर, घाट आणि पंतप्रधान यांच्याशी जोडले जाते, तेथे शेतकरी आणि शेतमजूर लाल झेंड्याला दशकानुदशके मत देत होते. त्याच वर्षी लखनौत स्थापन झालेले चरणसिंह यांचे संयुक्त विधायक दलाचे सरकार मात्र घटक पक्षांच्या आपसांतील ओढाताणीने वर्ष भरण्याआधीच, फेब्रुवारी १९६८ मध्ये, कोसळले.

राजनारायण हे याच जिल्ह्यातले. १९७५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात आणि १९७७ मध्ये रायबरेलीत त्यांनी इंदिरा गांधींचा पराभव केला. पुढे दोन वर्षांत जनता पक्षात जी फाटाफूट झाली, तिचे ते एक प्रमुख पुढारी होते. या वादात एक प्रश्न खरोखरच तत्त्वाचा होता. जनसंघातून आलेल्यांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशीही निष्ठा ठेवावी काय, हा दुहेरी सदस्यत्वाचा प्रश्न मधु लिमये यांनी नेटाने मांडला, आणि इतिहासाने त्याचे महत्त्व सिद्ध केले आहे. पण या प्रश्नाभोवती पंतप्रधानपदाची चुरस, वैयक्तिक सूड आणि रोजची शेरेबाजी यांचा एवढा धुरळा उडाला की सामान्य मतदाराला तत्त्व दिसलेच नाही, भांडणच दिसले. जानेवारी १९८० मध्ये राजनारायण स्वतः वाराणसीत उभे राहिले आणि काँग्रेसच्या कमलापती त्रिपाठी यांच्याकडून पराभूत झाले. तत्त्वाचा प्रश्न वैयक्तिक वैराच्या भाषेत मांडला की तत्त्वाचीही हार होते.

महाराष्ट्रातील साक्ष

महाराष्ट्रातील वाचकांना यासाठी काशीपर्यंत जाण्याची गरज नाही. जून २०२४ मध्ये महाविकास आघाडीने ४८ पैकी ३० जागा जिंकल्या. त्या विजयातही सांगलीचा काटा होता: एका घटक पक्षाच्या अधिकृत उमेदवाराविरुद्ध दुसऱ्या घटक पक्षातील बंडखोर उभा राहिला. त्यानंतरचे महिने जागांची ओढाताण आणि मुख्यमंत्री कोण यावरच्या जाहीर वक्तव्यांत गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये दक्षिण सोलापुरात मतदानाच्या दिवशीच काँग्रेसच्या ज्येष्ठ नेत्यांनी आघाडीच्या अधिकृत उमेदवाराऐवजी अपक्षाला पाठिंबा जाहीर केला. सोलापूर शहर मध्यमध्ये, जेथे विडी कामगार आणि यंत्रमाग कामगारांच्या लढ्यांतून नरसय्या आडम उभे राहिले, तेथे आघाडीतील काँग्रेसचाच उमेदवार त्यांच्यासमोर होता. दोन्ही जागा भारतीय जनता पक्षाने जिंकल्या. राज्यातील २८८ जागांपैकी आघाडीच्या तीन मोठ्या पक्षांना मिळून ४६ जागा मिळाल्या. सत्ताधाऱ्यांचा पैसा आणि योजनांचा मारा यांचा वाटा यात मोठा होता हे खरेच. पण घरातल्या आगीला बाहेरच्या वाऱ्याचा दोष किती द्यायचा?

वाराणसीत २०१४ मध्ये काँग्रेसविरुद्ध उभ्या राहिलेल्या केजरीवालांची गोष्टही येथे पुरी करता येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली मतदारसंघात ते ४,०८९ मतांनी पराभूत झाले. तेथे काँग्रेसच्या उमेदवाराला ४,५६८ मते होती. आठ महिन्यांपूर्वी दिल्लीत एकत्र लोकसभा लढवलेले हे दोन पक्ष विधानसभेला एकमेकांवर भ्रष्टाचाराचे आरोप करत होते. लाभ कोणाला झाला हे सांगण्याची आवश्यकता नाही.

जर्मनीतील किंमत

या रोगाची सर्वांत भयंकर किंमत कामगारवर्गाने जर्मनीत मोजली. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाला १९६ जागा मिळाल्या, तर सोशल डेमोक्रॅटांना १२१ आणि कम्युनिस्टांना १००. दोन्ही कामगार पक्षांची बेरीज नाझींहून अधिक होती. पण कम्युनिस्ट सोशल डेमोक्रॅटांना ‘सोशल फॅसिस्ट’ म्हणत होते आणि सोशल डेमोक्रॅट नेते कम्युनिस्ट आणि नाझी यांना एकाच मापाने मोजत होते.

येथे एक गोष्ट टाळून चालणार नाही. जर्मन कम्युनिस्टांची तक्रार खोटी नव्हती. १ मे १९२९ रोजी आणि त्यानंतरच्या दिवसांत बर्लिनमध्ये एका सोशल डेमोक्रॅट पोलीस प्रमुखाच्या हुकमतीखाली पोलिसांनी गोळ्या चालवल्या आणि तीसहून अधिक माणसे ठार झाली. त्या रक्ताची आठवण विसरा असे कोणी कोणत्या तोंडाने सांगावे? तरीही त्या न्याय्य संतापावर धोरण उभारणे ही चूकच ठरली. कम्युनिस्ट नेते अर्न्स्ट थेलमान आणि सोशल डेमोक्रॅट नेते रुडॉल्फ ब्राइटशाइड या दोघांचाही अंत ऑगस्ट १९४४ मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत झाला. फॅसिझमने दोघांत कोण अधिक तत्त्वनिष्ठ याची चौकशी केली नाही. १९३५ च्या सातव्या काँग्रेसमध्ये दिमित्रोव यांनी संयुक्त आघाडीची जी दिशा मांडली, ती याच पराभवातून शिकलेला धडा होता. पण तोवर जर्मनीपुरता फार उशीर झाला होता.

आक्षेप आणि उत्तरे

एकजुटीच्या या आग्रहावर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात.

पहिला आक्षेप असा की आघाडीसाठी भूतकाळ विसरणे हा संधिसाधूपणा होय. ज्या अजय राय यांनी १९९६ मध्ये भारतीय जनता पक्षाचे उमेदवार म्हणून कोलअसल्यात कॉम्रेड उदल यांचा पराभव केला, त्यांच्यासाठी लाल झेंड्याच्या कार्यकर्त्याने मत का मागावे? प्रश्न रास्त आहे आणि जिल्ह्यातील जुन्या कार्यकर्त्यांच्या मनात तो सलत असेल तर नवल नाही. त्याचे उत्तर विसरण्यात नाही. संयुक्त महाराष्ट्र समितीचे उदाहरण घ्यावे. १९४२ च्या आंदोलनातील भूमिकेवरून समाजवादी आणि कम्युनिस्ट यांच्यात जे वैर होते, त्याची धग १९५६ मध्ये विझलेली नव्हती. तरीही एस. एम. जोशी आणि कॉम्रेड डांगे एका व्यासपीठावर उभे राहिले. कोणीही आपले मत मागे घेतले नाही, कोणीही माफी मागितली नाही. १९५७ च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची मक्तेदारी मोडली आणि १ मे १९६० रोजी मराठी भाषकांचे राज्य आले. जुना हिशेब इतिहासाच्या वहीत लिहून ठेवता येतो. लढाईच्या दिवशी ती वही उघडायची नसते.

दुसरा आक्षेप असा की मोठे पक्ष डाव्यांना तुच्छ लेखतात. मग सौजन्याची जबाबदारी डाव्यांनीच का घ्यावी? यातील वस्तुस्थिती नाकारता येत नाही. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील ८० जागांच्या वाटपात डाव्या पक्षांना एकही जागा देण्यात आली नाही. परिणामी भारतीय कम्युनिस्ट पक्षाने काही ठिकाणी स्वतंत्र उमेदवार उभे केले, त्यांत फैजाबादही होते. तेथे समाजवादी पक्षाचे अवधेश प्रसाद ५४,५६७ मतांनी विजयी झाले, म्हणून तो विषय मागे पडला. निकाल थोडक्यात उलटा लागला असता तर अयोध्येच्या पराभवाचे खापर कोणाच्या माथी फुटले असते? मोठ्या पक्षांचा हा उद्दामपणा आघाडीच्या मुळावर येणारा आहे आणि तो स्पष्ट शब्दांत दाखवून दिलाच पाहिजे. तथापि उद्दामपणावर उतारा उद्दामपणाचा नसतो. लढ्यांतून निर्माण केलेली ताकद हाच त्यावरचा उतारा आहे. जेथे लाल झेंड्यामागे जनता उभी आहे, तेथे कोणताही मित्रपक्ष डाव्यांना डावलू शकत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. मग टीका करायचीच नाही काय? मौन हीच एकजूट काय? मुळीच नाही. टीका नसलेली आघाडी ही आघाडी नसून शरणागती असते. प्रश्न टीका करावी की नाही हा नाही. ती कशावर, कोठे आणि कशासाठी करावी हा आहे. शत्रूशी असलेला विरोध त्याच्या पराभवाने मिटतो. मित्रांमधील विरोध चर्चेने, अनुभवाने आणि समान कृतीने सोडवायचा असतो. दोन्हींवर एकच औषध चालवणारा वैद्य रोग्याला मारतो.

विणकराच्या घरातून पाहता

या सगळ्या वादात कष्टकरी जनतेचे काय होते, ते मदनपुरा, लल्लापुरा, बजरडीहा या विणकरांच्या वस्त्यांत पाहावे. २००६ पासून यंत्रमागधारक विणकरांना ठराविक दराने वीज मिळत होती. २०१९ च्या अखेरीस ती व्यवस्था बदलण्याचा निर्णय झाला, आणि टाळेबंदीने आधीच मोडलेल्या विणकरांनी २०२० मध्ये ‘मुर्री बंद’ पुकारून माग थांबवले. त्याआधी २०१९ मध्ये डिझेल रेल्वे इंजिन कारखान्याचे कामगार कारखान्याच्या कंपनीकरणाविरुद्ध रस्त्यावर आले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये राजघाटावरील सर्व सेवा संघाच्या इमारतींवर बुलडोझर चालला. विनोबा आणि जयप्रकाश यांच्या वारशाची ती वास्तू होती. गांधीवादी, समाजवादी आणि कम्युनिस्ट या सर्वांच्या दारात एकच यंत्र उभे होते.

मागावर बसलेला माणूस वीजबिलाची विचारणा करतो आणि त्याला कोणत्या नेत्याने कोणाला काय म्हटले ते ऐकवले जाते. मंदिर-मशिदीच्या वादात त्याच्या पोटाचा प्रश्न गाडू पाहणाऱ्यांना यापेक्षा सोयीचे काय असणार? भाऊबंदकी हा केवळ शिष्टाचाराचा भंग नाही. तो वर्गीय प्रश्नावरून लक्ष उडवण्याचा प्रकार आहे, आणि म्हणून तो सत्ताधारी वर्गाच्या उपयोगी पडतो, करणाऱ्याचा हेतू काहीही असो.

मार्ग आहे

याउलट उदाहरणही ताजे आहे. २०२०-२१ मध्ये दिल्लीच्या सीमांवर संयुक्त किसान मोर्चात चाळीसहून अधिक संघटना होत्या. त्यांच्या विचारांत जमीन-अस्मानाचे अंतर होते, जुनी वैरे होती, निवडणुका लढवाव्यात की नाही यावर तीव्र मतभेद होते. तरीही वर्षभर त्यांच्या बैठका होत राहिल्या, भांडणे बैठकीत झाली आणि मागण्या बाहेर एका आवाजात आल्या. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी सरकारला तिन्ही कायदे मागे घेण्याची घोषणा करावी लागली.

त्या अनुभवातून निघणारे नियम अवघड नाहीत. टीका निर्णयावर व्हावी, व्यक्तीच्या घराण्यावर, जातीवर वा लायकीवर नव्हे. ती प्रथम संयुक्त समितीत मांडली जावी. तेथे दाद न मिळाल्यास पक्षाने ठराव करून, पुराव्यानिशी, जाहीर करावी. प्रत्येक कार्यकर्त्याने मनाला येईल तशी नव्हे. नेतृत्वावर टीका करताना त्या पक्षामागे असलेल्या कष्टकऱ्यांचा अपमान होणार नाही याचे भान असावे, कारण उद्या त्यांनाच लढ्यात आणायचे आहे. आणि दुसऱ्याने शिवी दिली म्हणून शिवी देण्याचा हक्क कम्युनिस्ट कार्यकर्त्याला मिळत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील नऊ पोटनिवडणुकांत जागावाटप फिसकटले, काँग्रेस रिंगणाबाहेर राहिली आणि आघाडीच्या वाट्याला दोनच जागा आल्या. लोकसभेत वाराणसीने जो मार्ग दाखवला होता, तो पाच महिन्यांत पुसट झाला. २०२२ मध्ये वाराणसी जिल्ह्यातील आठही विधानसभा जागा भारतीय जनता पक्ष आणि त्याच्या मित्रपक्षाने घेतल्या होत्या. २०२७ चा हिशेब जागावाटपाच्या टेबलावर ठरणार नाही. मदनपुऱ्यात, पिंड्राच्या शेतांत, रेल्वे कारखान्याच्या फाटकावर विरोधी पक्षांचे कार्यकर्ते एकमेकांशी कसे वागतात, त्यावर तो ठरेल.

जमातवाद आणि मक्तेदारी भांडवल यांची युती भक्कम आहे, कारण तिच्यातील भागीदार आपसांतील भांडणे फायद्याआड येऊ देत नाहीत. कष्टकऱ्यांच्या बाजूच्या पक्षांना तेवढेही साधू नये काय? टीकेची धार शत्रूकडे वळवा. मित्राशी वाद घाला, त्याला वैरी करू नका. एकजूट मागून मिळत नाही, ती रोजच्या वागणुकीने बांधावी लागते. आणि ती बांधण्याची पहिली जबाबदारी लाल झेंडा खांद्यावर घेणाऱ्याची आहे.